पहिल्या हाकेला

पल्लवीला पहिल्यांदा खटकलं ते पोत्यात हात घातल्यावर.

पोतं केसांचं होतं. हिंजवडीजवळच्या जांब्यातल्या सलूनवाल्याकडून तिनं ते मागून घेतलं होतं. रानडुकराला माणसाचा वास खपत नाही, आणि माणसाचा वास केसांत टिकतो तसा दुसऱ्या कशात टिकत नाही. परसाच्या कडेनं केस पसरले की चार-सहा रात्री तरी डुकरं आत पाऊल टाकत नाहीत. गावाकडं आईनं तेवढ्यासाठीच निरोप धाडला होता. शनिवारी दुपारी पल्लवी पोत्याचं तोंड बांधायला बसली, केस दाबून बसवावेत म्हणून हात आत घातला, आणि बोटांना काहीतरी राठ लागलं.

त्या सलूनमध्ये येतात ती सगळी हिंजवडीची नोकरदार पोरं. पोत्यात नुसते काळेभोर केस. त्यातून हा एक पुंजका वर आला. मुळाशी पांढरा, टोकाला तांबूस. मेंदीचा.

तिनं सलूनवाल्याला विचारलं. तो बिहारचा पोरगा, कात्री थांबवून हसला. म्हणाला, "दीदी, मेहंदी तो मैं दुकान में रखता ही नहीं."

पल्लवीच्या वडलांचे केस तसे होते. वडलांना जाऊन वर्ष झालं होतं.

पुंजका टाकून द्यायला हवा होता. तिला टाकवेना. कागदाच्या पुडीत बांधून तिनं तो पर्समध्ये ठेवला.

हे सांगत होते तानाजीमामा. जांब्यातल्या एका भाड्याच्या इमारतीचे रातपाळीचे वॉचमन, साठीच्या पुढचे. लाइट गेली होती, इन्व्हर्टरही बसला होता, आणि दुसऱ्या मजल्यावरच्या चार पोरी अंधारात खोलीत बसवेना म्हणून खाली पार्किंगच्या पायरीवर येऊन बसल्या होत्या. त्यांतली ज्ञानदा लातूरकडची, नोकरीला नवी. मांजर पळालं तरी दचकायची. तिनंच आधी विचारून घेतलं, ही ऐकीव गोष्ट आहे ना, मामा?

"ऐकीव कशी आसंल," मामा म्हणाले. "पल्लवी आमच्या वाडीची. तिचं परस आन् माझं परस, मधी एक वढा हाय फकस्त. हितंच, तू बसलीस त्या पायरीवर बसून तिनं मला सांगितलं."

ज्ञानदा पायरीवरून उठून दुसरीकडे बसली.

वाडी मुळशी धरणाच्या वरच्या अंगाला. पंधरा-वीस घरं, मागं डोंगर, डोंगरावर रान. तिथं दिवाळी झाली की भात निघतं, आणि परसातली रताळी, भोपळे, घेवडा, मिरच्या एकदमच काढणीला येतात. नेमकी तेव्हाच रानातली डुकरं खाली उतरतात. एका रात्रीत रताळ्यांचे सगळे वरंबे नांगरल्यासारखे उलथून टाकतात. म्हणून घराघरातला बाप्या परसात माळा बांधून राखणीला झोपतो. रात्रीत काही लागलं तर घराकडं हाक मारतो.

आणि हाकेचा एक नेम आहे. हाक मारणाऱ्यानं तीनदा मारायची. ऐकणाऱ्यानं पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही, दुसरीलाही नाही. रानात माणसाच्या आवाजात हाक मारणारं दुसरंही काही असतं, आणि त्याला तिसऱ्यांदा हाक मारता येत नाही, असं वाडीत मानतात. ओ दिली तर ते घर बघून ठेवतं. वाडीतलं पोर चालायला लागलं की त्याला पहिलं हे शिकवतात. पल्लवीला तिच्या वडलांनीच शिकवलं होतं.

वडलांचं नाव देवू, पल्लवी त्यांना आबा म्हणायची. बावन्न वर्षांचा गडी, अंगानं बारीक. पंधरवड्याला डोक्याला मेंदी चोपडून अंगणात बसायचा. वाडी हसायची. तो म्हणायचा, पोरीच्या लग्नात जावयानं मला तिचा आजा समजायला नको.

गेल्या साली त्रिपुरी पुनवेची रात्र होती. देवूची बायको कमळ भावाकडं बारशाला गेलेली. देवू परसात माळ्यावर. पल्लवी सुट्टी काढून आलेली, घरात एकटी. मध्यरात्र उलटून गेल्यावर तिला जाग आली ती हाकेनं.

"पलूऽऽ."

ती उठून बसली. आवाज वडलांचाच होता. पण ओढल्यासारखा, पातळ. तिनं गोधडी छातीशी धरली आणि मोजली. एक.

बऱ्याच वेळानं दुसरी आली. आधीपेक्षा खालच्या आवाजात. दोन.

तिनं पाय खाली सोडले. थंडगार जमिनीवर पावलं टेकवून ती तिसरीची वाट बघत बसली. तिसरी आली की धावायचं. बाहेर टिपूर चांदणं होतं. खिडकी नुसती ढकलली असती तरी परस दिसलं असतं. पण ओ देण्याआधी बघायचंही नसतं...

ती तशीच बसून राहिली. कोंबडा आरवेपर्यंत.

देवू ओढ्याकडच्या कोपऱ्यात सापडला. डुकरानं मांडी फाडली होती. दोन हाकांपुरताच जीव उरला होता त्याच्यात.

मामांनी तंबाखू मळायला घेतली होती, ती तशीच तळहातावर राहिली.

"मीबी व्हतो तवा," ते म्हणाले. "सुट्टीवर. वढ्याच्या ह्या अंगाला, माझ्या माळ्यावर. मीबी ऐकल्या. दोन."

मग म्हणाले, "मीबी मोजत बसलो."

पल्लवीनं हे कोणालाच सांगितलं नाही. आणि कमळ वर्षभर, भेटायला येईल त्याला एकच सांगत राहिली, की डुकरानं आवाज काढायलाही वेळ दिला नसणार. एक हाक मारली असती तर पोरगी धावली असती. लोक मान हलवायचे. पल्लवी चहाचे कप गोळा करून आत जायची. त्या वर्षात ती घरी थोडी आणि नोकरीच्या जागी जांब्याला जास्त राहिली. ती रात्री झोपत नाही, हे तिच्या खोलीतल्या मुलींना माहीत होतं. का झोपत नाही, ते माहीत नव्हतं.

ह्या दिवाळीनंतर वर्षश्राद्ध झालं. पाहुणे गेले. तिसऱ्या दिवशी कमळचा निरोप आला, की डुकरं दोन रात्री कुंपणापर्यंत येऊन गेलीत, केस घेऊन ये. रताळी आठ दिवसांत निघतील, तेवढे आठ दिवस काढायचेत. कमळ दुसऱ्याच्या खाचरात मजुरीला जायची, आणि ते परस तिला वर्षाची भाजी द्यायचं. पण खरी गोष्ट निराळी होती. त्या वरंब्यांवरचे वेल देवूनं राखलेल्या बेण्याचे होते. डुकरांनी उपटले की पुढं लावायला त्याच्या हातचं काही उरणार नव्हतं.

शनिवारी पल्लवी निघाली. संकष्टी होती. पौडच्या स्टँडवर एसटीत पोतं पायाशी घेऊन बसली, तर कंडक्टर म्हणाला, कोंबड्या असतील तर त्यांचंही तिकीट फाडा ताई. ती म्हणाली, केस आहेत. माणसांचे. शेजारची बाई पिशवी उचलून पुढच्या सीटवर गेली, आणि धरणाच्या कडेकडेनं सगळा रस्ता पल्लवी दोघांच्या सीटवर एकटी बसून गेली. पर्स तिनं मांडीवर घट्ट धरली होती. पुडी आत होती. दोनदा उघडून बघितली, आहे का.

वाडीत पोचली तेव्हा दिवस मावळत होता. परसाला चारी बाजूंनी जुन्या साड्यांचं कुंपण. खांबाखांबाला डबे टांगलेले, आत खडे. कमळ ओट्यावर बसून घेवडा निवडत होती. तिनं पोत्यात हात घालून बघितलं, म्हणाली, "लई झालं एवढं. टाक कडंनं. चंद्र निगस्तवर उरकून घे."

पल्लवी वाकून वाकून केस पसरत गेली. घराकडची बाजू झाली. रस्त्याकडची झाली. डोंगराकडची झाली. ओढ्याकडच्या कोपऱ्याशी आली तेव्हा पोत्यात शेवटची ओंजळ उरली होती.

तिथं दोन खांबांमध्ये साडी नव्हती. डुकरानं त्या रात्री फाडली ती फाडलीच. कमळ वर्षभर त्या कोपऱ्यात गेली नव्हती, आणि दुसऱ्या कोणाला तिनं हात लावू दिला नव्हता. काट्याची एक फांदी आडवी पडलेली, वाळून पार काडी झालेली. पल्लवी ओंजळ घेऊन उभी राहिली. पाय पुढं पडेना.

तेवढ्यात घरातून आईनं सांगितलं, चंद्र दिसला म्हणून.

तिनं ओंजळ पुन्हा पोत्यात टाकली. सकाळी करू, असं मनाशी म्हणाली. तेवढा कोपरा राहिला.

उपास सोडायला दोघी चुलीपाशी बसल्या. भात, घेवड्याची भाजी, आणि देवाला दाखवलेला एक मोदक, दोघींत अर्धा अर्धा. पर्समधली पुडी काढून पल्लवीनं कोनाड्यात ठेवली. आईनं विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही. जेवता जेवता कमळ नेहमीसारखी बोलायला लागली. माणूस असा कसा गेला. तोंडातून शब्द न्हाई काढला.

"एक हाक मारली आसती, पलू. एक..."

पल्लवीचा घास हातातच राहिला.

"मारली होती," ती म्हणाली.

कमळनं वर बघितलं.

"दोन मारल्या. मी ऐकल्या. तिसरीची वाट बघत बसले, आये."

चुलीतलं लाकूड ढासळलं. कमळ तिच्याकडं बघत राहिली. ताट अर्धं टाकून उठली, हात धुतले, देवूची गोधडी ओढून भिंतीकडं तोंड करून निजली. दिवा तेवढा तिनं मालवला नाही.

पल्लवीनं भांडी घासली. मग बॅटरी घेतली, शाल घेतली आणि माळ्यावर जाऊन बसली. वर्षाचं ओझं उतरेल असं तिला वाटलं होतं. उतरलं नाही. ते आता दोघींवर होतं.

इथं मामा थांबले. शेवटी ज्ञानदानंच विचारलं, "मग?"

"आदी सकाळचं सांगतो," मामा म्हणाले. "रातीचं सांगितल्यावर तुमी सकाळचं ऐकून घेनार न्हाई."

सकाळी उजाडल्या उजाडल्या कमळ स्वतःच्या पायांनी त्या कोपऱ्यात गेली. वर्षात पहिल्यांदा. दोन खांबांमध्ये, जिथं साडी नव्हती तिथं, जमिनीवर केसांची ओळ होती. ह्या खांबापासून त्या खांबापर्यंत, चार बोटं रुंद. काळे केस नव्हते. मुळाशी पांढरे, टोकाला तांबूस. डुकरांच्या खुरांचे ठसे ओळीपर्यंत आले होते आणि तिथूनच मागं वळले होते. कमळ घरात धावली, मागून पल्लवी लंगडत आली. कोनाड्यातली पुडी बांधली होती तशीच होती. सोडून बघितली. आतला पुंजका आतच होता.

"कुणीतरी गंमत केली असेल," एक पोरगी हळूच म्हणाली.

"सोमवारी जाऊन मी सोता बघितली ती ओळ. दवानं भिजली व्हती. मी वाकलो, वास घेतला." मामांनी तळहातावरची तंबाखू बाजूला झटकून टाकली. "वाडीत लोक म्हनले, रातची ती ओ तानाजीनं दिली आसंल, शेजारीच तर परस हाय. मी त्या राती हितं, ह्या खुर्चीवर. रजिस्टरात सही हाय माझी. माझ्या नशिबात न्हवतं ती ओ देनं... आता रातीचं ऐका."

पावणेदोन वाजले होते. पल्लवीनं मोबाइलमध्ये बघितलं होतं. चंद्र माथ्यावर, पण धरणावरून धुकं चढलं होतं, आणि चांदणं असूनही परसाचा पलीकडचा काठ दिसत नव्हता. घराची खिडकी तेवढी पिवळी.

ओढ्याकडचा डबा वाजला.

एकदा. मग थांबला.

तिनं बॅटरी मारली. धुक्यात उजेड चार हातांवर जाऊन विरला. तिनं डबा बडवला, हुर्र केलं.

पुन्हा वाजला. मग उकरल्याचा आवाज आला. ओली माती. फुरफुर.

वेल. आबांचे वेल.

ती माळ्यावरून उतरली. कशी उतरली ते तिला नंतर आठवेना. काठी घेतली. वरंब्यांमधून पळत निघाली. कोपऱ्याच्या अलीकडंच एक खड्डा होता. पाय त्यात गेला. घोटा कडकन वळला. ती तोंडावर आपटली. बॅटरी उडाली, कुठंतरी पडली, विझली.

उठता येईना.

समोर धुक्यात काहीतरी उभं होतं. काळं. बुटकं. त्याच्यामागं आणखी एक. श्वास ऐकू येत होता. गरम, ओला.

"आये."

खिडकीत दिवा होता. आई जागी होती. पल्लवीला ठाऊक होतं, आई जागी आहे. पण ही पहिली. पहिलीला ओ द्यायची नसते.

ती थांबली. श्वास दोन पावलं पुढं आला.

"आयेऽ."

दुसरी.

तिला जमीन गार लागत होती. तळहाताखाली ओली माती. बोटांत एक वेल. ह्याच मातीत... ह्याच कोपऱ्यात... दुसरी मारून झाल्यावर ते काय बघत असतील? ती खिडकीच ना?

तिनं सगळा जीव एकवटला.

"आयेऽऽ."

तिसरी.

आता धावत येईल. आता दार वाजेल.

दार वाजलं नाही.

खिडकीत दिवा तसाच. सावलीसुद्धा हलली नाही. पुढं कमळ मामांना म्हणाली, तिन्ही ऐकल्या भावजी, उठून बसले, पर तोंडातनं आवाज फुटंना... ह्यांच्या दोन आन् हिच्या तीन, सगळ्या एकदम कानात आल्या.

पल्लवीला हे काय माहीत असणार. तिनं मोजलं होतं. तीन झाल्या होत्या. ओ आली नव्हती.

मग ती रडली नाही. तिला वाटलं, बरोबर आहे. असंच असणार. कपाळ मातीला टेकवून ती पडून राहिली. माती उकरणं थांबलं होतं. श्वास अगदी जवळ. आणि तिच्या तोंडून, आईसाठी नाही, मदतीसाठीही नाही, नुसतंच... लहानपणी झोपेत निघायचं तसं...

"आबा..."

एकदाच. हळू.

धुकं हललं नाही. डबा वाजला नाही. खिडकी, परस, डोंगर, सगळं गप्प. श्वाससुद्धा गप्प.

त्या वाडीत पहिल्या हाकेला कोणी ओ देत नाही. कोणीच नाही. दुसरीपर्यंत थांबतात. तिसरीपर्यंत थांबतात.

ओढ्याकडच्या कोपऱ्यातून, जिथं साडी नव्हती तिथून, दोन हातांवरून, जणू इतका वेळ तिनं हाक मारायचीच वाट बघत कोणी बसलं होतं, तशी... तिचं "आबा" पुरतं संपायच्या आत...

"ओ, पलू."